नटांची नावं शेवटी वाचा : जुन्या ब्रिटिश पोलीस मालिका घरी नीट कशा पाहाव्यात

जुनी ब्रिटिश पोलीस मालिका लावली की दहाव्या मिनिटाला कोणीतरी हमखास ओरडतं, "अरे, हा त्यातला ना!" लगेच मोबाइल निघतो, नटांची यादी उघडते आणि तिथेच संध्याकाळ नासते. इंटरनेटवरच्या यादीत बहुतेक वेळा नटाच्या नावापुढे तो किती भागांत आहे तो आकडा असतो. दोन भागांच्या गोष्टीत ज्याच्यापुढे एकचा आकडा आहे त्याचं पुढे काय होणार, हे न पाहताच अर्धंअधिक कळून जातं.

दुसरं नुकसान याहून मोठं. आज नावाजलेला चेहरा दिसला की आपण नकळत त्याच्यावर संशय धरतो, कारण एवढा मोठा नट दोन वाक्यं बोलायला कशाला येईल, असं वाटतं. पण १९९१ साली तो मोठा नव्हताच. 'प्राइम सस्पेक्ट'च्या पहिल्या गोष्टीत रेफ फाइन्स एका मृत मुलीचा मित्र म्हणून येतो. काम छोटं आहे. 'शिंडलर्स लिस्ट' आला १९९३ला, म्हणजे मालिका पहिल्यांदा पाहणाऱ्या लोकांना तो कोणीतरी एक तरुण पोरगा होता. त्यांनी त्याचं दुःख पाहिलं. आज आपण त्याचं नाव बघतो आणि तो पुन्हा कधी येईल याची वाट बघत बसतो. म्हणून या मालिका पाहण्याचा पहिला आणि सगळ्यात महत्त्वाचा नियम : नावं शेवटी. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा.

सुरुवात कुठून करायची

'प्राइम सस्पेक्ट'पासून. ग्रॅनाडा या कंपनीने आयटीव्ही वाहिनीसाठी ती केली. लिंडा ला प्लांट यांनी ती निर्माण केली आणि पहिली गोष्टही त्यांनीच लिहिली. १९९१ ते २००६ या काळात तिचे सात मोसम आले. मुख्य भूमिका हेलन मिरेनची. त्या तेव्हाही रंगभूमीवर आणि पडद्यावर नाव असलेल्या नटी होत्या. अनोळखी होती ती त्यांच्याभोवतीची मंडळी.

पहिली गोष्ट दोन भागांची, मिळून साधारण साडेतीन तास. भाड्याच्या खोलीत एका बाईचा खून झालेला असतो. तपास करणारा अधिकारी हृदयविकाराने अचानक जातो आणि जेन टेनिसन, म्हणजे मिरेनचं पात्र, ते प्रकरण मागून घेते. तिच्या हाताखालच्या पुरुषांना ती नको असते. ही साडेतीन तासांची गोष्ट एका रात्रीत उरकू नका. शनिवारी एक, रविवारी एक असं ठेवा. पहिल्या भागात नावं फार आहेत आणि मेलेली बाई नक्की कोण यावरच तपास अडकतो. दमलेल्या माणसाला तिथला धागा सापडत नाही, मग दुसऱ्या दिवशी तो "कळलं नाही बुवा" म्हणून सोडून देतो.

याच गोष्टीत टेनिसनबरोबर राहणारा माणूस टॉम विल्किन्सनने केला आहे. 'द फुल माँटी' हा त्याचा गाजलेला चित्रपट सहा वर्षांनी, १९९७ला आला. राजस्थानात चित्रित झालेल्या 'बेस्ट एक्झॉटिक मॅरिगोल्ड हॉटेल'मुळे आपल्याकडेही तो ओळखीचा आहे. त्याच्या जेवणाच्या टेबलावरच्या प्रसंगांकडे लक्ष द्या. बायकोसारखी असलेली बाई कामावरून वेळेवर येत नाही, याचा राग तो आवाज न चढवता दाखवतो.

तिसरी गोष्ट १९९३ची. चेहरे ओळखण्याच्या दृष्टीने सगळ्यात भरलेली हीच : डेव्हिड थ्यूलिस, पीटर कपाल्डी, किअरन हाइन्ड्स, मार्क स्ट्राँग आणि जॉनी ली मिलर, पाचही जण एकाच गोष्टीत. कपाल्डी तर वेशामुळे पटकन ओळखूच येत नाही. मात्र विषय मुलांच्या लैंगिक शोषणाचा आहे. पहिल्या गोष्टीतही शवागारातले मृतदेह आणि छळाचं वर्णन आहे. घरात पंधरा-सोळा वर्षांखालची मुलं असतील तर ही मालिका त्यांच्यासमोर लावू नका. आजी-आजोबा बसणार असतील तर त्यांना आधी सांगा, मधेच उठून जाण्याची वेळ आणू नका.

१९९२ची दुसरी गोष्ट वगळली तरी तिसरी कळते, पण टेनिसनच्या घरच्या आयुष्याचा धागा पुढे जात असतो. क्रमानेच पाहणं चांगलं.

डिस्क की इंटरनेट

डिस्क जगाच्या कोणत्या भागातल्या प्लेअरवर चालेल ते प्रदेश क्रमांकावरून ठरतं. ब्रिटनमधून मागवलेल्या डीव्हीडीवर प्रदेश क्रमांक २ असतो. भारताचा क्रमांक ५. दोन्हीकडे टीव्ही-चित्राची एकच, पाल पद्धत असल्याने चित्राचा प्रश्न येत नाही, पण नुसत्या ५ क्रमांकाचा प्लेअर २ क्रमांकाची डिस्क नाकारतो. विकत घेण्याआधी पाकिटावर '०' किंवा '२ आणि ५' आहे का ते बघा, किंवा सर्व प्रदेश चालवणारा प्लेअर वापरा. लॅपटॉपच्या ड्राइव्हचा प्रदेश साधारणपणे पाचच वेळा बदलता येतो. पाचव्यांदा जो ठेवाल तोच कायमचा राहतो. दुसऱ्याचा ड्राइव्ह उसना आणून बदलत बसू नका. अमेरिकी डिस्क १ क्रमांकाची आणि एनटीएससी या वेगळ्या चित्रपद्धतीची असते. तिच्या वाटेला न गेलेलंच बरं.

इंटरनेटवरून पाहायचं असेल तर वर्गणी भरण्याआधी ती मालिका भारतात दिसते का ते तपासा. ब्रिटनमध्ये दिसते म्हणून इथे दिसेलच असं नाही. साध्या दर्जाच्या चित्राला तासाला पाऊण ते एक जीबी डेटा जातो. घरची डीव्हीडी घरगुती पाहण्यासाठीच असते. गल्लीच्या मंडळाच्या हॉलमध्ये फलक लावून कार्यक्रम करायचा असेल तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी लागते.

चित्र

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि त्या कोणाच्या लक्षातही येत नाहीत.

नव्वदच्या दशकातल्या या मालिका ४:३ आकाराच्या, म्हणजे रुंदी चार तर उंची तीन अशा आहेत. आजच्या रुंद टीव्हीवर दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या यायलाच हव्यात. पट्ट्या नको म्हणून कोणीतरी रिमोटवरून चित्र ताणतं आणि सगळे नट जाडे होतात. चेहरे ओळखण्यासाठी बसलेल्या माणसाने चेहराच बिघडवून घेतला तर काय उपयोग? तपासायची सोपी रीत म्हणजे भिंतीवरचं घड्याळ किंवा गाडीचं चाक दिसलं की चित्र थांबवायचं. ते गोल दिसलं तर ठीक, अंड्यासारखं दिसलं तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ४:३ किंवा 'ओरिजिनल' निवडा. लॅपटॉपवर व्हीएलसी या व्हिडिओ लावायच्या सॉफ्टवेअरमधून पाहत असाल तर ए हे बटण दाबत गेलं की आकार बदलत जातो. २००३ आणि २००६चे शेवटचे दोन मोसम मात्र रुंद पडद्यासाठीच केलेले आहेत. तिथे पट्ट्या दिसल्या तर सेटिंग परत फिरवा.

४३ इंची टीव्हीवर ४:३ चित्र सुमारे ७१ सेंटिमीटर रुंद आणि ५३ सेंटिमीटर उंच येतं, म्हणजे ३५ इंची टीव्हीएवढं. पडद्यापासून आठ-नऊ फुटांवर बसा. त्याहून जवळ बसलं तर जुनं चित्र फुटकं दिसतं, लांब बसलं तर डोळ्यांतले भाव जातात. सहा ते आठ माणसं आरामात बसतात. प्रोजेक्टर असेल तर चित्राची रुंदी पाच-सहा फुटांवर नेऊ नका.

'व्हिव्हिड' किंवा 'डायनॅमिक' बंद करून 'मूव्ही' निवडा. शार्पनेस शून्याजवळ आणा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. त्या काळच्या बऱ्याच मालिका १६ मिलिमीटर फिल्मवर चित्रित झालेल्या आहेत. अंधाऱ्या खोलीत चित्रात बारीक दाणे हलताना दिसतात ते फिल्मचे आहेत, टीव्हीचा दोष नाही. दाणे घालवायला गेलं की चेहऱ्यावरची कातडी मेणासारखी होते. मात्र माणूस चालताना त्याच्या कडेला फणीच्या दातांसारख्या आडव्या रेघा दिसत असतील तर तो दोष खरा. व्हीएलसीवर डी दाबा, रेघा जातात.

आवाज, पाऊस आणि लाइट

या मालिकांत माणसं हळू बोलतात, एकमेकांचं बोलणं तोडतात, पाठ फिरवून बोलतात. टीव्हीचा आवाज खालून किंवा मागून येतो, त्यात ते सगळं विरतं. साउंडबार असेल तर त्यावर 'व्हॉइस' किंवा 'डायलॉग' निवडा आणि बास कमी करा.

आपल्या बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीला जून ते सप्टेंबर पत्र्यावर पाऊस सुरू झाला की आवाज कितीही वाढवा, शब्द कळत नाही. नुसता कर्कशपणा वाढतो. अशा घरात टीव्हीजवळचा आवाज वाढवण्यापेक्षा दोन लहान स्पीकर माणसांच्या जवळ, कानाच्या उंचीला ठेवा. कौलारू घरात त्रास कमी होतो, पण पागोळ्यांच्या बाजूची खिडकी लावून घ्या. जमलं तर हा बेत सरळ दिवाळीनंतरच्या थंडीवर ढकलावा.

लाइट जाणार हे धरून चाला. ४३ इंची टीव्ही, लॅपटॉप आणि साउंडबार मिळून साधारण पावणेदोनशे वॅट घेतात. १५० एएचची चांगली बॅटरी एक भाग सहज ओढते. जुन्या बॅटरीवर मात्र पंखा आणि फ्रिज बंद ठेवा. इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर साउंडबारमध्ये घूंऽऽ असा आवाज येतो. त्यावर इलाज नाही. त्या वेळेपुरता लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर घ्या आणि आवाज त्यातूनच ऐका.

बोली आणि उपशीर्षकं

इंग्रजी चांगलं येतं म्हणून उपशीर्षकं बंद ठेवू नका. बेळगावच्या टिळकवाडीतलं मराठी वेगळं, खानापूरकडचं कोकणीच्या वळणाचं वेगळं, निपाणी-चिकोडीकडचं कोल्हापुरी धाटणीचं वेगळं, हे आपल्याला सांगावं लागत नाही. तिकडेही तसंच. 'टॅगर्ट' ग्लासगोची, 'क्रॅकर' मँचेस्टरची. 'इन्स्पेक्टर मोर्स'मधला सार्जंट लुइस न्यूकॅसलकडच्या वळणाने बोलतो आणि त्याचा साहेब ऑक्सफर्डच्या.

उपशीर्षकांची फाइल वेगळी घेतली असेल तर दोन प्रकारचे बिघाड होतात आणि लोक दोन्हींवर एकच औषध लावतात. अक्षरं सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखीच पुढे किंवा मागे असतील तर व्हीएलसीत जी आणि एच दाबून जुळवा. प्रत्येक दाबाला ५० मिलिसेकंद सरकतात. पण सुरुवातीला बरोबर आणि तासाभराने दोन-अडीच मिनिटांनी चुकत असतील, तर फाइल सेकंदाला २४ चौकटींच्या हिशोबाने केलेली आहे आणि चित्र २५चं आहे. तिथे जी-एच दाबून काही होत नाही, दहा मिनिटांनी पुन्हा चुकतं. टूल्समधल्या ट्रॅक सिंक्रोनायझेशनमध्ये उपशीर्षकांचा वेग बदलावा लागतो.

थोडे शब्द आधी माहीत असू द्या. 'गव्ह' किंवा 'गव्हनर' म्हणजे साहेब. टेनिसनला 'मॅम' नको असतं, तिला 'गव्हनर' किंवा 'बॉस' म्हटलेलं हवं असतं. आपल्याकडे बाई पीएसआय आली की 'मॅडम' आणि पुरुष आला की 'साहेब' म्हणतात, त्यातला फरक ज्याला कळतो त्याला हा प्रसंग पहिल्या झटक्यात कळतो. 'निक' म्हणजे पोलीस ठाणं, आणि क्रियापद म्हणून पकडणं. 'ग्रास' म्हणजे खबऱ्या. 'ब्रीफ' म्हणजे वकील. 'बेंट' म्हणजे पैसे खाणारा. 'स्वीनी' म्हणजे लंडनच्या पोलिसांचं दरोडेखोरांमागे लागणारं पथक, म्हणजे फ्लाइंग स्क्वाड. 'स्वीनी टॉड'शी यमक जुळतं म्हणून ते नाव पडलं.

सुरू करण्याआधीची पाच मिनिटं

ज्याने आधी पाहिलंय त्याने पाच मिनिटं सांगावं, आणि मराठीतच सांगावं. घरात शेजारचे कन्नड बोलणारे असतील तर कन्नडमध्येही. गोष्ट सांगायची नाही, फक्त हुद्दे आणि कायदा. असं काहीसं :

"काकू, ही टेनिसन म्हणजे डीसीआय. आपल्याकडचा डीवायएसपी धरा. तिच्या खाली डीआय, म्हणजे पीआय, निपाणी-खानापूरकडे सीपीआय म्हणतो ना, तो. त्याच्या खाली डीएस, सार्जंट, आपला पीएसआय धरून चाला. सगळ्यात खाली डीसी, तो साध्या कपड्यातला पोलीस. वर सुपरिंटेंडंट, तो मोठा साहेब."

हे अंदाजे आहे, पण गोष्टीपुरतं पुरतं. मुंबईच्या मराठी मालिकांतला एपीआय इथे आणू नका. तो हुद्दा महाराष्ट्रातला, कर्नाटकातही नाही आणि ब्रिटनमध्येही नाही. शिवाय तिकडच्या साध्या पोलिसाकडे बंदूक नसते. "गोळी का नाही घालत?" हा प्रश्न येतोच, म्हणून हे आधीच सांगून टाका.

कायद्यावर मात्र थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडच्या प्रेक्षकाचा सगळ्यात मोठा गोंधळ इथे होतो.

चौकशीची खोली डोळ्यांसमोर आणा. टेबलावर दोन कॅसेटचं यंत्र. पोलीस आरोपीसमोर नव्या कॅसेटचं प्लॅस्टिक फाडतो आणि दोन्ही एकदम घालतो. बटण दाबताच एक लांब, कानाला टोचणारा सूर वाजतो. तो संपल्यावर तारीख, वेळ आणि खोलीत कोण कोण आहे ते तो मोठ्याने म्हणतो. शेवटी एक कॅसेट सगळ्यांसमोर सीलबंद होते, तिच्यावर सही होते. दुसरी कामाला वापरतात. हे सगळं १९८४च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्यामुळे आलं. तिथे पोलिसांसमोर रीतसर दिलेली कबुली कोर्टात चालते. आपल्याकडे चालत नाही. पूर्वीच्या पुरावा कायद्याचं कलम २५, आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३. म्हणून आपला प्रेक्षक म्हणतो, "कबूल करून काय उपयोग, कोर्टात फिरवेल." तिथे ते फिरवणं इतकं सोपं नाही, आणि म्हणूनच या मालिकांचा सगळा जीव त्या टेबलाभोवती असतो. मारामारी नाही, पाठलाग नाही, दोन माणसं समोरासमोर आणि मध्ये ते यंत्र. अनोळखी तरुण नटांना खरी संधीही तिथेच मिळाली, कारण कॅमेरा दहा-दहा मिनिटं चेहऱ्यावरून हलत नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. त्या कायद्याने आरोप न ठेवता २४ तास ठेवता येतं. गंभीर गुन्ह्यात वरिष्ठ अधिकारी ते ३६ तासांवर नेऊ शकतो. त्यापुढे मॅजिस्ट्रेटची परवानगी, तीही एकूण ९६ तासांपर्यंतच. पुरावा जमला नाही तर सोडावंच लागतं. 'प्राइम सस्पेक्ट'मध्ये सगळे घड्याळाकडे का बघत असतात ते यामुळे. हे सांगितलेलं नसेल तर संशयित बाहेर पडला की खोलीतले निम्मे लोक म्हणतात, पैसे खाल्ले.

अटकेच्या वेळी म्हणतात ती ताकीद १९९५मध्ये बदलली. आधी अर्थ एवढाच होता की बोलायची सक्ती नाही, बोललास तर ते पुरावा म्हणून येईल. नंतर त्यात भर पडली : आत्ता सांगितलं नाहीस आणि कोर्टात त्याचाच आधार घेतलास तर तुझ्या बचावाला बाध येऊ शकतो. कान दिला तर मालिका १९९५च्या आधीची की नंतरची ते एवढ्यावरूनही कळतं. आणि १९६५पासून तिथे खुनाला फाशी नाही. त्यामुळे १९३०च्या काळातल्या, अगाथा ख्रिस्तीच्या प्वारो या गुप्तहेराच्या गोष्टीत गुन्हेगाराच्या चेहऱ्यावर जी भीती असते ती टेनिसनच्या गोष्टींत शोधू नका.

वही

चेहरे ओळखण्यासाठी मोबाइल नको, पण वही हवीच. एका भागाला एक पान पुरतं. एखाद्या नटाने लक्ष वेधून घेतलं की चार गोष्टी टिपा : कितवं मिनिट, पात्राचं नाव, आवाज कसा, आणि कान-जबडा-चाल यांतलं काहीतरी एक. पात्राचं नाव सगळ्यात महत्त्वाचं, कारण शेवटच्या श्रेयनामावलीत फोटो नसतो, पात्राचं नाव आणि त्यापुढे नट एवढंच असतं. लोक "तो निळ्या जाकिटातला" असं लिहितात आणि शेवटी कोण ते सापडत नाही.

तीस वर्षांत केस जातात, वजन वाढतं, दात नीट करून घेतले जातात. कानाची ठेवण, दोन डोळ्यांतलं अंतर, चालण्याची ढब आणि मुख्य म्हणजे आवाज फारसा बदलत नाही. शंका आली तर दहा सेकंद डोळे मिटून नुसतं ऐका. गावच्या जत्रेतल्या नाटकात दोन वाक्यांचा हवालदार करणारा पोरगा पुढच्या वर्षी नायक होणार, हे सांगणारी माणसं आपल्याकडे प्रत्येक गावात असतात. ती नेमकं हेच करतात, नाव न बघता काम बघतात.

मध्यंतर कुठे घ्यायचं? आयटीव्हीच्या मालिकांत जाहिरातींसाठी जागा सोडलेली असते. साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी पडदा क्षणभर काळा होतो. चहा-कुंद्यासाठी तिथेच थांबा. बीबीसीवर जाहिराती नसल्याने तशी जागा मिळत नाही. तिथे चौकशीचा प्रसंग संपल्यावर थांबवा, मधे कधीच नको.

पुढे काय लावायचं

घरात सगळ्या वयाची माणसं असतील तर जेरेमी ब्रेटचा शेरलॉक होम्स. ग्रॅनाडाचीच मालिका, १९८४ ते १९९४. त्यातल्या १९९१च्या 'शॉस्कोम ओल्ड प्लेस'मध्ये अगदी कोवळा जूड लॉ आहे. २००९च्या चित्रपटात तोच वॉटसन झाला, आणि त्यात त्याच्यासमोरचा खलनायक मार्क स्ट्राँग, वर सांगितलेल्या टेनिसनच्या तिसऱ्या गोष्टीतला.

डेव्हिड सुशेचा प्वारो (१९८९ ते २०१३, ७० भाग) हाही घरात चालण्यासारखा. १९९१च्या 'वॉस्प्स नेस्ट'मध्ये कपाल्डी, १९९२च्या 'वन, टू, बकल माय शू'मध्ये क्रिस्टोफर एकल्स्टन, १९९५च्या 'हिकरी डिकरी डॉक'मध्ये डेमियन लुइस, २००४च्या 'डेथ ऑन द नाइल'मध्ये एमिली ब्लंट, २००६च्या 'आफ्टर द फ्युनरल'मध्ये मायकेल फासबेंडर. ही नावं आत्ता वाचलीत तरी चालेल. कोणतं पात्र कोणी केलंय ते मात्र शोधू नका.

'क्रॅकर' (१९९३पासून) मोठ्यांसाठीच, आणि काटेकोर क्रमाने. रॉबी कोल्ट्रेन मुख्य भूमिकेत, पुढे हॅरी पॉटरमधला हॅग्रिड झाला तोच. १९९४च्या 'टू बी अ समबडी'मध्ये रॉबर्ट कार्लाइल आहे. हे प्रकरण चांगलं आहे असं ऐकून लोक तेच आधी लावतात आणि पहिल्या मोसमातली माणसं पुढे कुठे जातात ते आधीच कळून बसतं. याच्याआधी एक माहिती द्यायला हवी : १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानात फुटबॉल सामन्याच्या वेळी चेंगराचेंगरी झाली, लिव्हरपूलचे ९७ प्रेक्षक त्यात दगावले, आणि दोष प्रेक्षकांवरच ढकलला गेला. हे माहीत नसेल तर कार्लाइलच्या पात्राचा राग कुठून येतो ते उमगत नाही, तो नुसता माथेफिरू वाटतो.

'इन्स्पेक्टर मोर्स' (१९८७ ते २०००, ३३ भाग) निवांत माणसांसाठी. प्रत्येक भाग स्वतंत्र, सुमारे पावणेदोन तासांचा. १९९२च्या 'ॲब्सोल्यूट कन्व्हिक्शन'मध्ये शॉन बीन, १९९३च्या 'ट्वायलाइट ऑफ द गॉड्स'मध्ये रेचल वाइझ. इथे पडद्यामागची नावंही शेवटी वाचाच : पहिला भाग अँथनी मिंगेलाने लिहिला आणि १९९०चा 'मेसॉनिक मिस्टरीज' डॅनी बॉइलने दिग्दर्शित केला, 'स्लमडॉग मिलियनेअर' करणारा तोच.

'द बिल' १९८४ ते २०१० चालली, भाग दोन हजार चारशेच्या वर. ती सगळी पाहायच्या फंदात पडू नका. दर आठवड्याला नवे पाहुणे लागायचे म्हणून नाट्यशाळेतून निघालेले नट तिथे रांगेने आले : १९९५मध्ये डेव्हिड टेनंट आणि लहानगी कीरा नाइटली, १९९७मध्ये जेम्स मॅकअ‍ॅव्हॉय. 'मिडसमर मर्डर्स'मधला २०००चा 'जजमेंट डे' ऑर्लंडो ब्लूमसाठी आणि २००३चा 'द ग्रीन मॅन' हेन्री कॅव्हिलसाठी पाहावा.

भाग संपल्यावर

लगेच दिवे लावू नका. श्रेयनामावली वेगाने जाते. व्हीएलसीत थांबवून ई दाबलं की एकेक चौकट पुढे सरकते. एकाने मोठ्याने वाचावं, दुसऱ्याने वहीतल्या पात्रापुढे नटाचं नाव लिहावं. दोन भागांची गोष्ट असेल तर पहिल्या रात्री ही पायरी गाळा, दोन्ही भाग संपल्यावरच करा.

मग ज्याचं नाव वाचून खोलीत आवाज उठला त्याचं मिनिट वहीतून काढा आणि तेवढाच प्रसंग पुन्हा लावा, या वेळी उपशीर्षकं बंद करून. तो बोलत नसताना काय करतो ते बघा : समोरचा बोलत असताना नजर कुठे जाते, हात कुठे ठेवतो, उत्तर देण्याआधी किती थांबतो. रेफ फाइन्सचा प्रसंग असा दुसऱ्यांदा पाहायला पाच मिनिटंही लागत नाहीत.